डोंगरवाटेसाठी जुनी मोटारसायकल घेताना

आमचे वडील शेतकरी होते. बैल घ्यावयाचा असला म्हणजे ते आम्हांस सोबत बाजारास नेत. बैल कितीही देखणा असो, वडील प्रथम त्याचा जबडा उघडीत. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे हे पाहून झाले, की खांद्यावरचे घट्टे पाहात आणि मग त्यास चिखलातून चालवीत. दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगे आणि तोंडाने बैलाचे गुणगान करी. वडील आम्हांस एवढेच म्हणत, "बोलणाऱ्याकडे बघू नये रे, बैलाकडे बघावे."

ही गोष्ट आज आठवावयाचे कारण असे की, गेल्या मे महिन्यात आम्हांवर तसाच एक प्रसंग आला. फरक इतकाच की, घ्यावयाचा होता तो बैल नव्हे, फटफटी.

आमचा भाचा खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका वाडीवर सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षक आहे. ज्यांनी जांबोटी-कणकुंबीचा मुलूख पाहिला आहे, त्यांना तेथील पावसाविषयी सांगावयास नको. मलप्रभेचा उगम याच डोंगरांतला. बस जेथे सोडते तेथून शाळा नऊ किलोमीटर. वाट लाल मातीची, मध्ये दोन ओढे. आदल्या वर्षी भाचा एक साधी स्कूटर घेऊन जात असे. तिची लहान चाके चिखलात रुतत. एकदा तो घसरून पडला आणि हात गळ्यात बांधून घरी आला. त्या पावसाळ्यात त्याचे एकोणीस दिवस बुडाले. शाळा दोन शिक्षकांची. दुसऱ्या गुरुजींस बैठकीस जावे लागले आणि भाचा पोहोचला नाही, असेही काही दिवस झाले. त्या दिवशी मुले ओसरीवर बसून परत गेली. मुख्याध्यापक या नात्याने आम्हांस हे ऐकून मान खाली घालावी लागली.

आमच्या भगिनीने भिशीचे पंच्याहत्तर हजार रुपये काढून मुलाच्या हाती दिले आणि आम्हांस म्हणाली, "दादा, तू बरोबर जा. त्याला झगमगाट दिसला की भुलतो तो." अतिथी शिक्षकाची नेमणूक वर्षापुरती, पुढच्या वर्षीची शाश्वती नाही. कर्ज काढणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हते. पंच्याहत्तर हजारांत जे बसेल ते, हाच निर्णय.

गरज आणि हौस

भाच्याने भ्रमणध्वनीवर एक गाडी हेरून ठेवली होती. अडीचशे सी.सी.ची, उंच, हिरवीगार, परदेशी बनावटीची. "मामा, खरी डर्ट बाइक आहे. एवढ्यात पुन्हा मिळणार नाही."

येथे वाचकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. मातीवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या दोन जातींच्या असतात. एक जात शर्यतीची. १९९८ साली यामाहाने 'वायझेड ४०० एफ' ही गाडी विक्रीस आणली आणि तोवर टू-स्ट्रोक इंजिनांचे राज्य असलेल्या मोटोक्रॉसच्या मैदानात फोर-स्ट्रोकचा जम बसला. या गाड्या वजनास हलक्या व अतिशय चपळ. परंतु त्यांचे इंजिन ताणून बांधलेले असते. त्यांचे आयुष्य किलोमीटरांत नव्हे, तासांत मोजतात. थोड्या तासांनी तेल बदलावयाचे, ठरावीक तासांनी पिस्टन बदलावयाचा, झडपांतील अंतर वरचेवर तपासावयाचे. अशी गाडी जुनी घेणारा मनुष्य गाडी स्वस्तात घेतो आणि दुरुस्ती महागात. शिवाय त्यांना रस्त्यासाठी आवश्यक दिवे नसतात, नोंदणीही होत नाही. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. वाडीची मातीची वाट हीसुद्धा सार्वजनिक वाटच.

दुसरी जात दुहेरी उपयोगाची. डांबरावरही चालते, मातीवरही. नोंदणी होते, विमा उतरतो, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. शिक्षक, टपालवाले, वनरक्षक, दूधवाले यांच्या कामाची हीच. भाच्यास आम्ही विचारले, "तुला पहिला यायचे आहे, की वेळेवर पोहोचायचे आहे?" तो हसला. हिरवी गाडी तेथेच मागे राहिली.

फोर-स्ट्रोकच का?

जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही टू-स्ट्रोकचे वेड असणारे तरुण भेटतात. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० चा आवाज ऐकला की त्यांचे भान हरपते. हौस म्हणून ते ठीक. रोजच्या डोंगरवाटेस मात्र फोर-स्ट्रोक बरी, आणि त्यास कारण आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत एक आवर्तन पूर्ण होते. पहिल्या फेरीत पेट्रोल व हवा आत ओढली जाते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत ठिणगी पडून शक्ती निर्माण होते आणि चौथीत धूर बाहेर पडतो. तेल वेगळे राहते, पेट्रोलात मिसळून जळत नाही. परिणामी पेट्रोल कमी लागते आणि इंजिन मंद गतीतही चांगले ओढते. चिखलाच्या चढावर हेच हवे असते. तेथे वेग कामास येत नाही, संथ ओढ येते. उतारावर गॅस सोडला की इंजिन स्वतःच गाडीस आवरते, त्यामुळे ब्रेकवर भार कमी पडतो. ओल्या लाल मातीत ब्रेक करकचून दाबण्याचा परिणाम ज्याने भोगला आहे, त्यास या गुणाचे मोल कळेल.

दोषही सांगितले पाहिजेत. फोर-स्ट्रोकमध्ये झडपा, कॅमशाफ्ट, साखळी असा पसारा असतो. तेलाची हयगय झाली की हा सारा पसारा एकदम झिजतो, आणि मग खर्च हजारांत जातो. म्हणून जुनी फोर-स्ट्रोक घेताना गाडी किती जुनी यापेक्षा तिचे तेल कोणी, कसे बदलले हा प्रश्न मोठा.

बाजारात काय आहे?

थोड्या पैशांत मिळू शकणाऱ्या तीन गाड्यांचा आम्ही विचार केला. पहिली हीरोची 'इम्पल्स'. दीडशे सी.सी.ची ही गाडी २०११ साली आली. वजनास हलकी, उंचीस भरपूर. पण तिचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली, आणि काही सुट्या भागांसाठी वाट पाहावी लागते. मिस्त्री ओळखीचा असेल त्यानेच तिच्या वाटेस जावे.

दुसरी रॉयल एन्फील्डची ४११ सी.सी.ची 'हिमालयन', २०१६ साली आलेली. लांबच्या प्रवासास उत्तम. परंतु वजन जवळजवळ दोनशे किलो. ओढ्याच्या काठी आडवी झाली तर एकट्या शिक्षकाने ती उचलावी कशी? शिवाय आमच्या रकमेत बसणारी हिमालयन बहुधा खूप वापरलेलीच निघते.

तिसरी हीरोचीच 'एक्सपल्स २००', मे २०१९ मध्ये आलेली. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची. पोटाखाली जमिनीपासून २२० मिलिमीटर मोकळी जागा. वजन दीडशे किलोंच्या आसपास. मोठे पुढचे चाक खड्ड्यात न बुडता त्यावरून जाते, हा तिचा मोठा गुण. आसन मात्र ८२३ मिलिमीटर उंच आहे. बुटक्या मनुष्याने आधी बसून पाहावे आणि दोन्ही पायांची बोटे तरी जमिनीस टेकतात ना, याची खात्री करावी. सुरुवातीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर असलेला एक प्रकार होता. खेड्यातल्या मिस्त्रीसही तो उघडून साफ करता येतो. आमच्या कामास तोच योग्य वाटला.

दात पाहण्याची रीत

पाहिलेली पहिली गाडी धुऊन पुसून लखलखीत केलेली होती. भाव बावन्न हजार. भाच्याचे डोळे चमकले. आम्ही खानापूरच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीस पाचशे रुपये देऊन सोबत नेले होते. हा खर्च वाचकांनी कधीही वाचवू नये. त्याने तेलाचे झाकण उघडले आणि बोट आत घालून आम्हांस दाखविले. तेल दुधाळ, चहाच्या सायीसारखे. "गाडी पाण्यात बुडालेली आहे, गुरुजी." ओढ्यात गाडी बुडून इंजिनात पाणी गेले की तेलास असा रंग येतो. मालक म्हणाला, "धुताना थोडे पाणी गेले असेल." आम्ही नमस्कार करून निघालो.

मिस्त्रीने आम्हांस जे शिकविले ते क्रमाने देतो.

गाडी थंड असताना पाहावी. आपण जाण्यापूर्वी मालकाने ती सुरू करून ठेवली असेल, तर इंजिनास हात लावताच कळते. अशा वेळी शंका घ्यावी, कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपविते. सुरू झाल्यावर आवाज ऐकावा. वरच्या अंगाने येणारी बारीक, नियमित टिकटिक झडपांची असते. ती दुरुस्त होते. खालच्या अंगाने येणारा जड ठोका मात्र वाईट. तेथे सौदा थांबवावा.

मग धूर पाहावा. पहाटेच्या गारव्यात निघणारी व लगेच विरणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. गॅस सोडून पुन्हा देताना निळसर धूर निघत असेल, तर इंजिन तेल पिते आहे असे समजावे. काळा धूर म्हणजे पेट्रोलाचे प्रमाण अधिक. ते बहुधा थोडक्या खर्चात सुधारते.

हवेच्या फिल्टरची पेटी उघडून पाहावी. मातीवरच्या गाडीचे खरे चारित्र्य येथे लिहिलेले असते. फिल्टर फाटलेला असेल वा पेटीत माती साचलेली असेल, तर तीच माती इंजिनात जाऊन पिस्टनच्या कड्या व सिलिंडर घासून काढते. बाहेरचा रंग कितीही नवा असो, अशी गाडी आतून म्हातारी झालेली असते.

पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे सावकाश फिरवावे. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडखळत असेल, तर तेथील बेअरिंगे गेली आहेत. चाक हाताने आडवे हलवावे. खडखडता कामा नये. पुढच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असेल, तर सील बदलावे लागतील. नळ्या सरळ आहेत का हे समोर बसून पाहावे. सांगाड्याच्या मानेजवळ वेल्डिंगचा डाग किंवा एकाच जागी नवा रंग दिसला, तर गाडी जोराने आपटलेली आहे; ती घेऊ नये. चाकाच्या आऱ्यांवर लहानशा पान्याने टकटक करावी. ताणलेल्या आऱ्या तंबोऱ्याच्या तारेसारख्या वाजतात, सैल आरी बद्द वाजते.

साखळी मागच्या चक्रावरून ओढून पाहावी. ती दातांवरून उचलली जात असेल आणि दात आकड्यासारखे एका बाजूस वाकले असतील, तर साखळी व दोन्ही चक्रे एकत्रच बदलावी लागतात. एकटी साखळी बदलणे म्हणजे नव्या साखळीचा नाश.

किलोमीटरांच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. आकडा फिरविता येतो, बदलताही येतो. पण पाय ठेवण्याच्या खुंट्या, ब्रेकचे पायटे, हँडलच्या मुठी यांची झीज लपत नाही. 'आठ हजार किलोमीटर' म्हणणाऱ्या गाडीचे पायटे गुळगुळीत झाले असतील, तर वडिलांचे बोल आठवावेत.

शेवटी चढावर चालवून पाहावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे सरत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. गियर आपणहून सुटत असेल, तर इंजिन उघडावे लागेल.

कागदांचा चिखल

गाडी ओढ्यात फसली तर चार माणसे बाहेर काढतात. कागदांत फसलेली गाडी काढण्यास वर्षे लागतात. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

२०१० साली आम्ही आमची जुनी मोटारसायकल एका दलालामार्फत विकली. त्याने कोऱ्या अर्जांवर आमच्या सह्या घेतल्या आणि "गुरुजी, पुढचे आम्ही बघतो" असे सांगितले. आम्ही निर्धास्त झालो. २०१२ साली शेजारच्या जिल्ह्यातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. त्या गाडीने एक सायकलस्वार जखमी झाला होता आणि नोंदणीपुस्तिकेत मालक म्हणून आमचेच नाव होते. तीन वर्षे आम्ही रजा काढून तारखांस गेलो. नव्या मालकाने विमा चालू ठेवला होता म्हणून भरपाई विमा कंपनीकडून गेली. विमा संपलेला असता, तर ती आमच्या माथी येती. घरात त्या वर्षी कन्येच्या शिक्षणाचा खर्च होता. त्या काळातल्या रात्री आम्ही विसरलेलो नाही. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. गाडी कितीही हातांत फिरलेली असो.

म्हणून विकणारा व घेणारा, दोघांनीही नावबदल डोळ्यांदेखत करून घ्यावा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत नमुना २९ मध्ये कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नमुना ३० चा अर्ज करावा, असे कायदा सांगतो. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याची नोंद नमुना ३५ ने करून घ्यावी. नुसती "हप्ते फिटले" ही तोंडी ग्वाही चालत नाही. सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणीपुस्तिकेशी अक्षरशः ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासलेले दिसले तर तेथून उठावे. थकलेले दंड, विम्याची मुदत, प्रदूषण प्रमाणपत्र ही माहिती आज सरकारी 'वाहन' संकेतस्थळावर पाहता येते.

आम्हां सीमाभागातील लोकांस आणखी एक अडचण. आमची सोयरीक कोल्हापुरात, बाजारहाट कोल्हापुरात, साहजिकच एम.एच. ०९ क्रमांकाची गाडी स्वस्तात मिळते आणि मोह होतो. आम्हांसही अशी एक गाडी दाखविण्यात आली. येथल्यापेक्षा सहा हजारांनी कमी. पण दुसऱ्या राज्यात नेलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे ठेवावयाचे असेल, तर कलम ४७ प्रमाणे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये आणावयाचे, येथला कर भरावयाचा, आणि तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळविण्यासाठी तिकडे खेटे घालावयाचे. हिशेब मांडला तेव्हा सहा हजारांची बचत उरली नाही. गोवा, बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथे राहून महाराष्ट्रातील नातलगाची गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांनीही हा हिशेब आधी करावा.

पंच्याहत्तर हजारांचा हिशेब

तिसऱ्या आठवड्यात बेळगावातील एका अभियंत्याची २०१९ ची कार्ब्युरेटरची एक्सपल्स पाहिली. के.ए. २२ क्रमांक, पहिलाच मालक, चौतीस हजार किलोमीटर. गाडीवर ओरखडे होते, टायर गुळगुळीत होते, साखळी संपत आली होती. परंतु तेल स्वच्छ, आवाज एकसारखा, फिल्टरची पेटी निर्मळ, आणि मालकापाशी प्रत्येक सर्व्हिसची पावती जपलेली. मागणी सहासष्ट हजारांची होती. टायर, साखळी व ब्रेक यांचा खर्च आम्ही कागदावर मांडून दाखविला. मालक सज्जन होता. सत्तावन्न हजारांवर सौदा झाला.

उरलेल्या रकमेचा विनियोग असा: टायरांची जोडी ६,२०० रुपये, साखळी व चक्रे २,८००, तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, केबली व मजुरी २,८००, शिरस्त्राण व घोट्यावर येणारे बूट ३,७००, विमा व नावबदल २,०००, मिस्त्रीचे ५००. एकूण बरोबर पंच्याहत्तर हजार. सबंध रक्कम गाडीतच घातली असती, तर गुळगुळीत टायरांवर, शिरस्त्राणावाचून पावसाळा काढावा लागता. जुनी गाडी घेणाऱ्याने आपल्या पैशांतला पाचवा हिस्सा तरी बाजूस ठेवावा, हा आमचा आग्रह आहे. शिरस्त्राण आय.एस.आय. चिन्हाचेच घ्यावे, १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी तसले शिरस्त्राणच विकता येते.

आम्ही भाच्यास शाळेतली एक कोरी हजेरीवही दिली आणि तीत तेल, फिल्टर, साखळीचे वंगण यांच्या तारखा व किलोमीटर मांडावयास सांगितले. आणखी एक अट घातली. ओढ्याचे पाणी गुडघ्यावर चढले, की गाडी अलीकडच्या घरी सोप्यात लावावयाची आणि साकवावरून पायी जावयाचे. गाडी उंच आहे, म्हणून पूर उथळ होत नाही.

दिवाळीच्या सुटीत भाचा आला तेव्हा ती वही आम्ही मागून घेतली. तेलाच्या नोंदी वेळच्या वेळी होत्या. जुलैमध्ये चार दिवस 'गाडी सोप्यात, साकवावरून पायी' अशी नोंद होती. शेवटच्या पानावर त्याने शाळेचे बुडालेले दिवसही लिहिले होते. आदल्या पावसाळ्यात एकोणीस. यंदा दोन, आणि ते दोन्ही दिवस तालुक्याच्या सर्वच शाळांस सुटी होती.

वही आम्ही भगिनीकडे दिली. तिने पान वाचले, आणि भाच्यास एवढेच विचारले, "साखळीला तेल कधी घातलेस शेवटचे?"